अमीन पेंटरच्या अटी

कसबा पेठेत येऊन ‘अमीन शेख कुठं राहतात?’ असं विचारलंत, तर लोक खांदे उडवतील. ‘अमीन पेंटर’ म्हणालात की तीन जण तीन बाजूंनी एकाच बोळाकडे बोट दाखवतील. बोळाच्या तोंडाशी दहा बाय बाराची खोली, दाराबाहेर वाळत ठेवलेल्या पाट्या, आत टर्पेंटाइनचा वास आणि स्टुलावर बसलेले चौसष्ट वर्षांचे अमीनचाचा. पाठीला बाक आलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पण हात असा स्थिर की डाव्या हातात चहाचा कप धरून उजव्याने सरळ रेघ मारतील.

चाळीस वर्षांत त्यांनी निम्मी पेठ रंगवली. दवाखाने, गिरण्या, केशकर्तनालयं, गणपती मंडळांचे नामफलक, ‘येथे वाहने लावू नयेत’ आणि त्यापुढचा मालकाच्या स्वभावाप्रमाणे कमीजास्त होणारा अपमान. मग फ्लेक्स आला. बरोबरीच्या पेंटरांपैकी कोणी रिक्षा घेतली, कोणी सोसायटीच्या गेटवर जाऊन बसला. चाचा टिकले ते बारीक अक्षरामुळे. शून्य नंबरचा ब्रश घेतला की तांदळाच्या दाण्याएवढं अक्षर ते सुबक काढत. व्यापाऱ्यांना त्याचं फार अप्रूप. वर हातभर ‘पन्नास टक्के सूट’ आणि खाली चौकटीला चिकटून, मुंग्यांची रांग चालली असावी तसं, ‘अटी लागू’.

“चाचा, असलं पाहिजे, पण दिसलं नाही पाहिजे,” गिऱ्हाईक सांगायचं, आणि चाचा ते तसंच करून द्यायचे. त्याचा त्यांना अभिमान होता. कुठल्या अटी, हे त्यांनी चाळीस वर्षांत एकालाही विचारलं नाही. आपलं काम अक्षर काढायचं. कोणी वाचावं, कोणी वाचू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. हे त्यांचं तत्त्व होतं. त्या तत्त्वानेच पुढे त्यांचे दात घशात घातले.

आता बदामीबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी एक मांजराचं पिल्लू खोलीत शिरलं आणि फळीवरच्या डब्यांमध्ये, नेमकं बदामी रंगाच्या डब्याला टेकून झोपलं. दोघांचा रंग इतका सारखा होता की चाचांनी डबा उचलायला हात घातला तो पिल्लाच्या मानेवर पडला. तेव्हापासून ती बदामी. ओल्या पाटीवर तिने कधी पाय ठेवला नाही. पहाटे नमाजाच्या वेळेला ती चाचांच्या छातीवर बसून त्यांना उठवायची. चाचा पाटी लिहायला बसले की ही समोर बसून ब्रशाचं टोक जाईल तिकडे मान फिरवायची. मुलगी मेहजबीन लग्न होऊन वाघोलीला गेली, आयटीतल्या नोकरीत बुडाली, आणि घरात म्हाताऱ्या नवरा-बायकोला बोलायला विषय राहिला तो बदामीचाच. चाचांची बायको अख्तरबानू म्हणायची, “या घरात तुमचं ऐकणारी ती एकटीच आहे.” हे म्हणताना ती स्वतःच्या ताटातला मासा मांजराला सोलून देत असे, हेही सांगितलं पाहिजे.

त्याच गल्लीत सुदर्शनचं दुकान. आधी मोबाइलची कव्हरं विकायचा, मग विमा विकायला लागला. बोलण्यात पटाईत. समोरच्याला दोन मिनिटांत काका, चाचा, मावशी करून टाकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने पाटी करायला दिली: ‘माणसांचा विमा, गाड्यांचा विमा, आता मुक्या जिवांचाही विमा! सगळं कव्हर!’ आणि खाली अर्थातच ते दोन शब्द. चाचांनी ते इतके बारीक काढले की सुदर्शनने त्यांना टाळी दिली.

“चाचा, पैसे देऊ की तुमच्या मांजराची पॉलिसी काढून देऊ? आजारी पडली तर दवाखान्याचा खर्च कंपनीचा. तुम्हाला काही बघायचंच नाही. सगळं कव्हर.”

चाचांनी पॉलिसी घेतली. सुदर्शनने बावीस पानांचा इंग्रजी गठ्ठा आणून दिला. चाचांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून, पेटीत ठेवला. कागद जपून ठेवला की काम झालं, अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत बाळगणारे ते पेठेत एकटे नव्हते.

गेल्या वर्षी बदामीच्या वार्षिक लशीची तारीख आली ती गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आता कसब्यात त्या दहा दिवसांत कोणी काही करतं का? नळ गळतोय? गणपती होऊ द्या. भाडेकरू निघत नाही? गणपती होऊ द्या. माणसाचं हर्नियाचं ऑपरेशनही इथं मिरवणूक संपेपर्यंत थांबतं. रस्ते बंद, रिक्षा येत नाही, ढोल-ताशांनी माणूस दचकतो तिथं मांजराची काय कथा. शिवाय पाच मंडळांची कामं चाचांच्या डोक्यावर. तरी त्यांना रुखरुख लागली म्हणून ते मुद्दाम सुदर्शनकडे गेले.

“लशीची तारीख उद्या आहे रे. विम्याला काही अडचण?”

सुदर्शन मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या फाडत होता. मान वर न करता म्हणाला, “अहो चाचा, गणपती होऊ द्या. पंधरा दिवसांनी काय होतंय?”

आठव्या दिवशी बदामीने खाणं सोडलं. नवव्या दिवशी ती पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसली. पाणी प्यायचं होतं, पिता येत नव्हतं. चाचांनी तिला रंगाच्या कापडात गुंडाळलं आणि माणसांच्या लोंढ्यातून, छातीशी धरून, शिवाजीनगरच्या दवाखान्यापर्यंत चालत नेलं. सलाइन लागलं. दोन दिवस झुंजली. तिसऱ्या दिवशी सकाळी, विसर्जनाच्या मिरवणुकीचा गुलाल रस्त्यावरून धुतला जात असताना, ती गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आठवड्याच्या उशिराने सहसा एवढं होत नाही. कधी कधी लस असूनही हा आजार गाठतो.”

बिल मेहजबीनने भरलं. पैशांचं चाचांना एवढं काही नव्हतं. पण महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. चाचांनी त्याचा फोटो पाठवला आणि मेहजबीनने ते फोनवर वाचून दाखवलं: पशुपालकाने ठरलेल्या तारखेला लसीकरण न केल्याने, कलम अमुक, पोटकलम तमुक, दावा नामंजूर. शेवटी दोन शब्द होते, ‘मालकाचा निष्काळजीपणा’.

“पुन्हा वाच,” चाचा म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं.

त्या दोन शब्दांनी चाचांच्या काळजाला घरं पाडली. छातीशी धरून ज्याने तीन किलोमीटर नेलं, तो निष्काळजी! ते पत्र घेऊन तडक सुदर्शनकडे गेले. त्यांना पैसे नको होते. एवढंच हवं होतं की त्याने त्या कंपनीला कळवावं, निदान अख्तरबानूसमोर येऊन म्हणावं, की लस पुढे ढकला असं मीच सांगितलं होतं. अख्तरबानू तोंडाने काही म्हणत नव्हती, पण बदामीची वाटी तिने अजून उचलली नव्हती, आणि त्या वाटीकडे बघितलं की चाचांना वाटायचं, ही मलाच विचारते आहे.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सुदर्शनने पत्र वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

“मी असं कसं सांगेन चाचा? पॉलिसीत स्पष्ट आहे. आणि मी म्हणालो असं तुम्ही म्हणता, तर मला दाखवा. लिहून दिलंय का मी?”

लिहून दिलंय का! चाळीस वर्षं लिहिण्यावर पोट भरलेल्या माणसाला हे विचारलं गेलं.  चाचा घरी आले, स्टुलावर बसले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पोटात एक निखारा पडला. ते कामं करत होते, जेवत होते, नमाज पढत होते, पण निखारा विझला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो विझू दिलाही नाही. रोज थोडी फुंकर घालत राहिले.

वर्ष गेलं. सुदर्शनचं बरं चाललं होतं. पुण्यात आता माणसं मुलांइतकीच कुत्री-मांजरं सांभाळतात. विमा धडाधड खपत होता. त्याने मोठ्या रस्त्यावर नवीन दुकान घेतलं आणि शेजारच्या घराची आडवी भिंतही भाड्याने घेतली. अठरा फूट लांब, बारा फूट उंच. श्रावणातल्या एका सकाळी तो हसत हसत चाचांच्या दारात उभा राहिला.

“चाचा, फ्लेक्स नको मला. आता हाताने रंगवलेल्याची फॅशन आलीय. हेरिटेज लुक! गणपती बसायच्या आदल्या दिवशी उद्घाटन. पडदा पाडायचा. दहा दिवस देखावे बघायला सगळं पुणं या भिंतीसमोरून जाणार. तुमच्याशिवाय हे कोण करणार?”

“मजकूर?”

“तोच की जुना. सगळं कव्हर, आणि खाली आपलं नेहमीचं, अटी लागू.”

“म्हणजे ‘सगळं कव्हर’ पण लिहायचं आणि अटी पण.”

“हो. अक्षरं केवढी काढायची ते तुम्ही ठरवा, तुम्ही कलाकार.” सुदर्शन निघाला, दारात थांबला आणि आत डोकावून म्हणाला, “आणि काय म्हणते तुमची मांजर? बरी आहे ना?”

चाचा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो कुचेष्टा करत नव्हता. तो विसरला होता. शेकडो पॉलिसी विकणाऱ्याच्या ध्यानात एक मांजर कशाला राहील? वर्षभर चाचांना वाटत होतं की या माणसाला आतून थोडं तरी खात असेल. काही खात नव्हतं. तो मजेत होता.

“बरी आहे,” चाचा म्हणाले. “काम करतो.”

आगाऊ पैसे त्यांनी घेतले नाहीत. सुदर्शनला तो मोठेपणा वाटला.

अख्तरबानूला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “त्याचं काम घेतलंत? जाने दो जी. अल्लाह देखता है.”

“अल्लाह तो देखता ही है,” चाचा म्हणाले. “अब लोगों को भी देखने दो.”

रविवारी मेहजबीन आली. चाचांनी पेटीतून पिशवी काढली, रबर काढला आणि बावीस पानं तिच्यापुढे ठेवली. “यात काय काय मिळत नाही, तेवढं मला सोप्या मराठीत सांग. आपल्या पदरचं एक अक्षर नको.” सोळाव्या पानापासून सुरुवात होती. ती वाचत गेली, चाचा वहीत उतरवत गेले. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं.

“अब्बा, हे भिंतीवर जाणार आहे? नोटीस पाठवेल तो.”

“यात काही खोटं आहे?”

“नाही. सगळं त्यांचंच आहे.”

“मग शब्द त्यांचे. मी फक्त मोठे करणार.”

 मेहजबीनने पुन्हा पहिल्या ओळीपासून सगळं ताडून बघितलं, दोनदा. जाताना म्हणाली, “तुम्ही भयंकर आहात.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेला हिरवा पडदा भिंतीवर सोडला होता. चाचा रोज सकाळी आठला पडद्याआड शिरायचे आणि अंधार पडला की बाहेर यायचे. सुदर्शनने एकदा आत डोकवायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, “नवरी हळदीला बसली की नवऱ्याने बघू नये.” तो खूश होऊन गेला. आत चाचा फुटभर उंचीचं एकेक अक्षर भरत होते. चाळीस वर्षं बारीक लिहून आवळलेला हात मोकळा झाला होता. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द भरायला त्यांना अख्खा दिवस लागला. बदला घेण्यात काय गोडी असते ती त्यांना या वयात पहिल्यांदा कळली, आणि त्यांना तिची जराही लाज वाटली नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी दीड-दोनशे माणसं जमली. मंडळाचे अध्यक्ष रंगराव नारळ घेऊन आले. सुदर्शनची गिऱ्हाइकं आपापली कुत्री घेऊन आली होती. त्यांत निवृत्त शिक्षिका वासंतीबाई, त्यांचा म्हातारा कुत्रा बंड्या आणि हातात छत्री. अख्तरबानूही आली आणि कडेला उभी राहिली. फोटोवाला तयार झाला. रंगरावांनी दोरी ओढली, पडदा खाली आला, टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या.

पांढऱ्या भिंतीवर काळ्या अक्षरांत, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं, वरपासून खालपर्यंत: ‘खालील गोष्टींचे पैसे मिळणार नाहीत.’

कसब्यातल्या माणसाला भिंतीवर अक्षर दिसलं की तो मोठ्याने वाचतो. वासंतीबाईंचा आवाज तर वर्गातलाच.

“पॉलिसीच्या आधीपासून असलेला कोणताही आजार. पहिल्या तीस दिवसांत झालेला आजार. आनुवंशिक आजार. दातांचे उपचार.” त्या थांबल्या. “अहो सुदर्शन, बंड्याचे दात दाखवूनच मी पॉलिसी घेतली होती ना? तुम्ही काय म्हणाला होतात?”

“मावशी, ते आपण नंतर...”

“गाभण राहणं आणि बाळंतपण,” मागून कोणीतरी वाचलं. “आठ वर्षांवरील जनावर!”

“आठ?” रंगरावांनी नारळ खाली ठेवला. “माझा टायगर नऊ वर्षांचा आहे. मार्चमध्ये हप्ता घेतलास की रे तू.”

“आणि हे बघा, लशीची तारीख एक दिवस जरी चुकली, तर त्या रोगाचे पैसे नाहीत. मालकाचा निष्काळजीपणा.” वाचणाऱ्याने शीळ घातली. शेवटची ओळ सगळ्यांत मोठी होती.

वासंतीबाई छत्रीचा आधार घेत भिंतीपाशी गेल्या, वाकल्या, चष्मा कपाळावर ढकलून नाक जवळजवळ भिंतीला टेकवलं. “आणि इथं खाली मुंगीएवढं काय काढलंय? स... सगळं... सगळं कव्हर.” त्या सरळ उभ्या राहिल्या. “सुंदर अक्षर आहे हं.”

मग जो हशा झाला तो पार पुढच्या चौकापर्यंत ऐकू गेला. फोटोवाल्याने इतके फोटो काढले की सुदर्शनला त्याचा हात धरावा लागला. दोनशे मोबाइल वर झाले होते, किती जणांचे हात धरणार? तो गर्दीतून वाट काढत चाचांपाशी आला. चेहरा पांढराफटक.

“चाचा, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?”

“घोडं नाही,” चाचा म्हणाले. “मांजर.”

सुदर्शन बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलं. आधी पत्र, मग दुकानातली ती सकाळ. चाचांना याच क्षणाची भूक होती. त्यांनी तो नीट, सावकाश बघून घेतला.

“सुदर्शनराव,” त्यांनी पहिल्यांदाच त्याला असं म्हटलं, आणि आवाज चढवला नाही, “आपण मला लिहून दिलं नव्हतंत, हे खरं. म्हणून मी आपल्याला लिहून दिलं. आता फक्त एक सांगा, सगळ्यांसमोर. लशीचं विचारायला मी आलो होतो, तेव्हा आपण काय म्हणाला होतात?”

 रंगराव हाताची घडी घालून उभे होते. आजूबाजूला त्याचीच गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत आपापली पॉलिसी. खोटं बोलायला जागाच नव्हती.

“म्हणालो असेन...”

“असेन?” वासंतीबाई म्हणाल्या.

“म्हणालो होतो!” सुदर्शन जवळजवळ ओरडला. “लस पुढे ढकला म्हणालो होतो. माझी चूक झाली. त्यांनी विचारलं होतं, मीच नको म्हणालो. झालं समाधान?”

चाचांनी अख्तरबानूकडे बघितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि मान हलवली, एकदाच. वर्षभर त्यांच्या छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. मांजर परत आली नाही, पण ते उठून गेलं.

“आता पुसा हे,” सुदर्शन हात जोडत म्हणाला. पडदा मंडपवाल्याच्या माणसांनी केव्हाच गुंडाळून टेम्पोत टाकला होता; त्यांना रात्रीत अजून सहा मंडप उभे करायचे होते. भिंत ऑइल पेंटची होती, तिच्यावर चुना धरणार नव्हता. उद्यापासून पेठेत एकही रंगारी मिळणार नव्हता. “चाचा, पाया पडतो. उद्या सगळं पुणं इथून जाणार आहे. आत्ताच्या आत्ता पुसा.”

अमीनचाचांनी ब्रश गोळा केले, डब्यात घातले, दोऱ्याची काडी कानामागे नीट बसवली.

“पुसतो की,” ते म्हणाले. “गणपती होऊ द्या.”